केराची बादली आणि घरचा कुत्रा

‘आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें’ ही म्हण मराठी घरांत सर्वांच्या तोंडीं आहे. ती बहुधा गलथान कारभाराविषयीं वापरली जाते. परंतु तिच्यांतील शब्दांकडे क्षणभर लक्ष दिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. म्हणीनें कुत्र्याला दोष दिलेला नाहीं. पीठ उघडें पडलें आहे, राखणारें कोणी नाहीं, तेव्हां कुत्रें तें खाणारच, असें ती गृहीत धरते. तिचा सारा रोख जात्याच्या व्यवस्थेवर आहे. स्वयंपाकघरांतील केराच्या बादलींत तोंड घालणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न ज्यांना सोडवावयाचा आहे, त्यांनीं ह्या म्हणीपासूनच आरंभ करावा हें बरें.

पुण्याच्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. कुत्रा असलाच तर तो देवडीवर किंवा अंगणांत असे. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यानें ओलांडूं नये असा घरोघर दंडक होता. आणि उष्टें-खरकटें परसांतील उकिरड्याकडे जाई. वैश्वदेवाच्या बलिहरणांत कुत्रा, कावळा इत्यादि प्राण्यांच्या नांवानें अन्न बाजूला काढण्याची चाल होती, म्हणजे कुत्र्याचा वांटा मान्य होता, पण त्याची जागा घराबाहेर ठरलेली होती. सोवळ्याओवळ्याच्या त्या रेषेचा हेतु कांहींहि असो, तिनें कुत्रा आणि केर ह्या दोहोंस स्वयंपाकघरापासून दूर ठेवलें होतें. आज वाड्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती आल्या. परस गेलें, देवडी गेली. कुत्रा दिवाणखान्यांत निजतो आणि त्याच्यापासून दहा पावलांवर, ओट्याखालीं, दिवसभराचा केर सांचलेला असतो. दोघेहि एकाच छपराखालीं आले, आणि मधली भिंत मात्र कोणी घातली नाहीं.

मग एके सकाळीं फरशीभर कांद्याच्या साली, चहाचा चोथा आणि दुधाच्या पिशव्यांच्या चिंध्या पसरलेल्या दिसतात. घरांत बोलाचाली होते. मुलांच्या हट्टानें आणलेला कुत्रा. परंतु फरशी पुसावयाची वेळ येते ती आईवर किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंवर. दोनचार वेळां असें झालें कीं ‘हा कुत्रा आतां नको’ असे उद्गार निघूं लागतात, आणि कांहीं घरांतून कुत्रा खरोखरच दुसरीकडे पाठविला जातो किंवा रस्त्यावर सोडला जातो. तेव्हां वरकरणीं क्षुल्लक वाटणाऱ्या ह्या प्रश्नांत एका मुक्या जीवाचें घर पणाला लागलेलें असतें. आणि पुढें दिसून येईल त्याप्रमाणें कित्येकदां त्याचा प्राणहि.

कुत्रा केराकडे कां वळतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन निदान १४,००० वर्षें झालीं. ही सोबत कशी जुळली याविषयीं अनेक शास्त्रज्ञांचें मत असें आहे कीं, मनुष्यवस्तीच्या कडेला पडणारें उष्टें, हाडें व टाकाऊ अन्न यांवर जे लांडगे कमी भीतीनें जगूं शकले, त्यांच्याच वंशांतून कुत्रा निपजला. ह्या मताला पूरक असा एक पुरावा २०१३ सालीं स्वीडनमधील उप्सला येथील संशोधकांनीं पुढें आणला. पिठूळ अन्न पचविणाऱ्या पाचकरसाचें जें जनुक लांडग्यांत केवळ दोन प्रतींनीं आढळतें, त्याच्या प्रती कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत असतात. पोळी-भाताचें खरकटें पचविण्याची ही तयारी कुत्र्यानें माणसाच्या उंबरठ्याशीं राहूनच मिळविली. याचा अर्थ असा कीं, टाकलेलें अन्न शोधणें हा कुत्र्याचा दुर्गुण नसून त्याच्या जातीचा वडिलोपार्जित व्यवसाय आहे.

त्यांत भर त्याच्या नाकाची. माणसाच्या नाकांत गंध ओळखणाऱ्या पेशी सुमारें ५०–६० लाख धरल्या जातात. कुत्र्याच्या नाकांत त्या २० कोटींहून अधिक असतात. आपणांस जी बादली ‘झांकलेली’ वाटते, ती त्याच्या दृष्टीनें, किंबहुना त्याच्या नाकाच्या दृष्टीनें, सताड उघडी असते. दुपारीं कोणती भाजी चिरली, काल रात्रीं मटण होतें कीं मासळी, हें सारें त्या झांकणाच्या फटींतून त्याला वाचतां येतें. कुत्र्याची भूक भागलेली असली म्हणजे तो केराकडे पाहणार नाहीं, ही समजूत म्हणूनच खोटी ठरते.

आतां त्या बादलींत असतें काय, हें पाहूं. पुणेरी स्वयंपाकघरांतील नेहमींचेच पदार्थ, पण त्यांतले कित्येक कुत्र्याला अपायकारक आहेत. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. वजनाच्या दर किलोमागें १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटांत गेल्यास रक्तावर परिणाम दिसतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दीडशें ते तीनशें ग्रॅम पुरे. चार साली चघळल्यानें अनर्थ होत नाहीं, हें खरें. परंतु पंगतीच्या दिवशींचा केर वेगळा, आणि शिवाय ह्या विषाचीं लक्षणें कित्येकदां दोनतीन दिवसांनीं उमटतात, तोंवर मूळ कारण घरचीं माणसें विसरून गेलेलीं असतात.

द्राक्षें, मनुका व बेदाणे यांनीं कांहीं कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होतात, ही गोष्ट पशुवैद्यांना बरेच दिवस ठाऊक होती. कारण मात्र उमगत नव्हतें. द्राक्षांतील टार्टरिक आम्लावर संशय येऊन २०२२ सालीं अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं कांहीं रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली, तींत चिंच खाल्ल्यानें मूत्रपिंडास तशीच इजा झालेले कुत्रे होते. चिंचेंतहि तेंच आम्ल विपुल असतें. आमटीसाठीं कोळ काढून चिंचेचा चोथा रोज बादलींत टाकणाऱ्या घरांनीं ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गुळाचा अंश लागलेला चोथा तर कुत्र्याला गोडच लागतो.

ऋतूप्रमाणें संकटेंहि बदलतात. उन्हाळ्यांत आंब्याची कोय आणि पावसाळ्यांत मक्याच्या कणसाचा दांडा, हे दोन्ही कुत्रा सबंध गिळतो आणि आंतड्यांत ते अडकून बसतात. अशा वेळीं पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. रविवारचीं शिजलेलीं हाडें कच्च्या हाडांपेक्षां ठिसूळ असतात व त्यांच्या टोंकदार चिपा गळ्यांत किंवा आंतड्यांत रुततात. दिवाळींत चॉकलेटें येतात. त्यांतील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश बाहेर पडतें आणि हृदयावर व मज्जातंतूंवर ताण आणतें. मधुमेही माणसांच्या घरीं साखरविरहित च्युइंगम वा मिठाई असते. तींत झायलिटॉल असल्यास कुत्र्याच्या रक्तांतील साखर अर्ध्या-एक तासांत धोक्याच्या पातळीपर्यंत उतरूं शकते. बुरशी धरलेला पाव किंवा शिळें अन्न यांनीं झटके येतात. तळणाचें तेल टिपलेला कागद कुत्र्याला मोठा प्रिय. पण अतिस्निग्ध अन्नानें स्वादुपिंडाचा दाह होतो. गजऱ्याचा दोरा, दुधाची पिशवी, औषधांच्या गोळ्यांच्या पट्ट्या, वापरलेले सॅनिटरी पॅड, बॅटरीचे बटणासारखे सेल, ह्या सर्वांचा शेवटचा मुक्काम तीच बादली. आणि वेफर्सच्या रिकाम्या पिशवींत डोकें खुपसलेल्या कुत्र्याचा कांहीं मिनिटांत श्वास कोंडून मृत्यु ओढवल्याचीं उदाहरणें आहेत. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तुपाची वाटी घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची कथा सर्वांना प्रिय आहे. त्या कथेंतील भाव अवश्य घ्यावा. तूप मात्र हात राखून वाढावें.

एवढें झाल्यावर घरचीं माणसें काय करतात? कुत्र्याला केराजवळ नेऊन रागें भरतात, क्वचित् मारतातहि. कुत्रा कान पाडतो, शेपूट पायांत घालतो, नजर चुकवितो. ‘पाहा, चोराच्या मनांत चांदणें! त्याला आपली चूक कळली आहे,’ असें सर्वजण म्हणतात. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं हीच समजूत प्रयोगानें तपासली व त्याचे निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध केले. १४ कुत्र्यांना खाऊ न खाण्याविषयीं बजावून मालकांना बाहेर पाठविण्यांत आलें. परत आल्यावर कांहीं मालकांना खरें सांगितलें, कांहींना खोटें. तेव्हां असें दिसलें कीं, अपराधी चेहरा कुत्र्यानें खाऊ खाल्ला होता कीं नाहीं यावर मुळींच अवलंबून नव्हता. मालक रागावला कीं तो चेहरा उमटे. इतकेंच नव्हे, तर ज्यांनीं कांहींच खाल्लें नव्हतें अशा निरपराध कुत्र्यांच्या मुद्रेवर तो भाव अधिक स्पष्ट होता. तात्पर्य, तो पश्चात्ताप नसून समोरच्या रागावलेल्या माणसाला शांत करण्याची धडपड असते. रात्रीं तीन वाजतां केलेल्या कृत्याची सकाळीं सात वाजतां मिळालेली शिक्षा कुत्रा त्या कृत्याशीं जोडूं शकत नाहीं. तो एवढेंच शिकतो कीं, केर पसरलेला असतां घरचीं माणसें भयंकर होतात. आणि पुढच्या खेपेस माणूस निजल्याची खात्री करून घेतो.

उलट, बादलीकडून मिळणारें शिक्षण मात्र अचूक असतें. १८९८ सालीं एडवर्ड थॉर्नडाइक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मांजरें व कुत्रे यांना खिट्टी लावलेल्या पेट्यांत ठेवून पाहिलें. धडपडतां धडपडतां एकदां खिट्टी उघडली व बाहेरचें अन्न मिळालें, कीं दर खेपेस सुटकेला लागणारा वेळ कमी होत जाई. आपलें सैल झांकणहि अशीच एक पेटी होय. फरक एवढाच कीं येथें अन्न आंत आहे व कुत्रा बाहेर. पुढें स्किनर व फर्स्टर यांनीं १९५७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, दर वेळीं मिळणाऱ्या बक्षिसापेक्षां अवचित कधींतरी मिळणाऱ्या बक्षिसानें लागलेली संवय अधिक चिवट असते. म्हणून ‘आठवड्यांतून एखादे वेळींच बादली उघडी राहते’ हें समर्थन लंगडें आहे. आठवड्यांतून एखादे वेळीं, हीच ती संवय पक्की करण्याची उत्तम रीत!

तेव्हां उपाय शोधावयाचा तो कुत्र्याच्या मनांत न शोधतां प्रथम बादलीच्या जागेंत शोधावा. सर्वांत खात्रीचा उपाय सर्वांत साधा आहे: कुत्रा व केर यांच्यामध्यें दार असावें. ओट्याखालच्या कपाटांत बादली ठेवून त्या कपाटाला, लहान मुलांच्या भयानें जी खटक्याची कडी बसवितात, ती बसवावी. कपाट नसेल तर पायानें दाबून उघडणारी, जड बुडाची व झांकणाला खिट्टी असलेली बादली घ्यावी. हलकी प्लास्टिकची बादली पंजाच्या एका धक्क्यानें आडवी होते आणि मग झांकण असून नसून सारखेंच. पायानें उघडणारी बादली कांहीं हुशार कुत्रे स्वतःच पायानें उघडतात, म्हणून खिट्टीचें महत्त्व. बादली भिंतीच्या कोपऱ्यांत किंवा अडकवून ठेवली तर ती लवंडत नाहीं.

दुसरा उपाय केरांतील आकर्षण कमी करण्याचा. दुधाची पिशवी विसळून सुक्या कचऱ्यांत टाकावी. मटण-मासळीचीं हाडें व कांटे एका डब्यांत घट्ट झांकून शीतकपाटाच्या बर्फाच्या खणांत ठेवावे व कचरा न्यावयाची वेळ झाली कीं ओल्या कचऱ्यांत घालावे. गोठलेल्या पदार्थाला वास येत नाहीं. औषधें, बॅटऱ्या, सुया व ब्लेडें ह्यांसाठीं उंचावर वेगळा डबा असावा. घरींच खत करणाऱ्यांनीं खताच्या टोपलीवर घट्ट झांकण ठेवावें, कारण अर्धवट कुजलेल्या अन्नावरील बुरशी ताज्या केराहून घातक असते. कांहीं लोक केरावर तिखट किंवा फिनेल टाकतात; तें सर्वथा वर्ज्य समजावें. फिनेल हें स्वतःच विष आहे, आणि तिखट कुत्र्याच्या डोळ्यांत जावो न जावो, केर वेगळा करणाऱ्या माणसाच्या हातांस मात्र लागल्याखेरीज राहत नाहीं.

तिसरा उपाय कुत्र्याला हवें तें योग्य मार्गानें देण्याचा. नाकानें शोध घेणें ही त्याची भूक आहे, पोटाच्या भुकेहून निराळी. सकाळ-संध्याकाळ फिरावयास नेतांना त्याला पुढें ओढीत न नेतां हुंगूं द्यावें. त्याच्या जेवणाचा कांहीं भाग जुन्या कापडाच्या घड्यांत लपवून त्याला तो शोधूं द्यावा. चघळण्यासाठीं पशुवैद्यानें सुचविलेली वस्तु द्यावी. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्या. भाजी चिरतांना ओट्यावरून तुकडा टाकण्याची हौस घरांतल्या वडील माणसांना फार असते. परंतु ‘ओट्यापाशीं उभें राहिलें कीं कांहीं मिळतें’ हा धडा आजोबांनीं शिकवावा आणि त्याची शिक्षा कुत्र्याला व्हावी, हा न्याय नव्हे. प्रेमानें द्यावयाचें तें त्याच्याच भांड्यांत, त्याच्याच जागीं द्यावें. ‘सोड’ हा एक शब्द मात्र प्रत्येक कुत्र्याला शिकवावा. तोंडांतील साधी वस्तु सोडली कीं लागलीच तीहून चांगला खाऊ, अशी दररोज पांच मिनिटें उजळणी केली, तर तो शब्द ऐन संकटाच्या वेळीं प्राण वांचवितो. तोंडांतली वस्तु हिसकण्याची संवय ठेवली तर कुत्रा ती घाईनें गिळून टाकावयास शिकतो.

इतकें करूनहि कुत्र्यानें कांहीं खाल्लेंच, तर काय खाल्लें, किती व केव्हां, हें पाहून उरलेलें वेष्टन वा पट्टी घेऊन पशुवैद्याकडे जावें. मिठाचें पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करूं नये; त्यानेंच विषबाधा होऊं शकते. तोंडांतून किंवा गुदद्वारांतून दोरा लोंबत असेल तर तो ओढूं नये, कारण त्याचें दुसरें टोंक आंतड्यांत अडकलेलें असूं शकतें. वारंवार ओकारी, फुगलेलें पोट, कांपरें, लाल-तपकिरी लघवी, ह्यांपैकीं एकहि लक्षण दिसल्यास सकाळची वाट पाहूं नये.

ह्या सर्व प्रश्नाचें दुसरें टोंक इमारतीच्या फाटकाबाहेर आहे. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत पुण्यांत १९९३ सालीं स्थापन झाली, आणि तिच्यांतूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली. पुणें महानगरपालिकेशीं झालेल्या २००८ च्या करारानंतर ह्या संस्थेच्या सभासद, ज्यांत स्त्रियांचीच संख्या मोठी, घरोघरीं जाऊन केर घेऊं लागल्या. त्यापूर्वीं रस्त्यांवरील कचरापेट्या उपसूनच त्यांना आपली भाकरी मिळवावी लागे, व तेथें त्यांचे प्रतिस्पर्धी असत ते मोकाट कुत्रे व डुकरें. केर दारांतून हातोहात दिला जाऊं लागल्यानें ही विटंबना पुष्कळ कमी झाली. ओला, सुका व घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करणें २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं नागरिकांवर बंधनकारक केलें, तेंहि ह्याच दिशेचें पाऊल होतें.

परंतु ज्यांना सकाळीं दार उघडण्याचा कंटाळा, ते आदल्या रात्रींच पिशवी जिन्यांत किंवा फाटकाशीं ठेवतात. घरच्या कुत्र्यापासून केर वांचविला असें त्यांना वाटतें. प्रत्यक्षांत तो रस्त्यावरच्या कुत्र्यांपुढें वाढलेला असतो. पहांटे फाटलेल्या पिशवींतून ओघळलेला केर कोणीतरी स्त्री हातानें गोळा करते, आणि त्यांत फुटलेली काच असते, सुई असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊं घालण्याची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्यासाठीं २०२३ च्या केंद्रीय नियमांत ठराविक जागा व ठराविक वेळ ही पद्धत सांगितली आहे. उघड्या पिशवींतील खरकट्यास भूतदया म्हणतां येत नाहीं. मोकाट कुत्र्यांच्या मागें आणखी कोण येतें, तेंहि जाणून घेण्यासारखें आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले भागांत बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हां त्यांच्या भक्ष्यांत पाळीव प्राण्यांचाच भरणा आढळला, आणि त्या प्राण्यांत कुत्रा पहिला होता. केरावर कुत्रे पोसले जातात व कुत्र्यांवर बिबटे.

तात्पर्य, केर सकाळपर्यंत घरांतच राहणार, आणि तो कुत्र्याबरोबर राहणार. म्हणजे खरी कसोटी रात्रींच्या सात-आठ तासांची आहे. ज्या घरांत निजण्यापूर्वीं दार-खिडकी व गॅसची कळ पाहण्याची शिस्त आहे, तेथें तिला आणखी एका गोष्टीची जोड द्यावी: ओल्या केराची बादली कडी असलेल्या दाराआड गेली आहे ना, हें पाहावें. हें काम एकट्या गृहिणीचें मानूं नये; सर्वांत शेवटीं जो दिवा मालवील त्याचें तें काम, असा घरांत नियम असावा. सात वर्षांच्या मुलालाहि तें जमतें, आणि ज्यानें हट्ट करून कुत्रा आणविला त्याच्याकडेच तें सोंपविलें तर अधिक उत्तम.